कोपरा सोडायचा नाही

चष्मेवाल्याने उजवा हात लांब करून वळण दाखवलं, डाव्या हाताने सायकल मांडीला टेकवून धरली आणि येणाऱ्या चेहऱ्यांकडे न बघता त्यांच्या मागच्या रस्त्यावर डोळे लावले.

"उजवीकडे, उजवीकडे! सावकाश या!" तोंड चालू होतं, लक्ष मात्र भलतीकडेच.

फुलवाली हसत गेली. निवृत्त मुख्याध्यापिका बाई पाठ ताठ ठेवून गेल्या. नुकतंच लग्न झालेलं जोडपं चाकाला चाक लावून, रस्ता आपल्यासाठीच मोकळा ठेवलाय अशा थाटात गेलं. वर झाडं गुलाबी फुलांनी लगडलेली होती आणि वारा आला की पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यांवर पडत होत्या. हवा अशी, की स्वेटर घालावा तर उकडतं आणि काढावा तर शिरशिरी येते. सगळ्यांच्या शेवटी, पाठीला लाल फडकं बांधलेला त्याचा थोरला भाऊ आला.

चष्मेवाल्याने झरकन बघून घेतलं. ओठांचा रंग ठीक. श्वास जरा वरचा, पण ठीक. दादा मात्र समोर बघत, नाकाच्या शेंड्यावरून नजर ढळू न देता वळला. भाऊ कोपऱ्यावर उभा आहे की दिव्याचा खांब, त्याला काही फरक पडला असेल असं वाटलं नाही.

या मंडळींची रीत साधी होती. वसंत लागला की दर रविवारी सकाळी शहरातून सायकलींची संथ फेरी काढायची. शर्यत नाही, घाई नाही, गप्पा मारत जायचं. सगळ्यांत पुढे कप्तान, म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. आज कुठून कुठे जायचं ते फक्त त्यांना ठाऊक. वळण आलं की त्यांच्या लगेच मागे जो असेल त्याने त्या कोपऱ्यावर उतरायचं आणि बाकीच्यांना हात करून रस्ता दाखवायचा. सगळ्यांत मागे लाल फडकंवाला. त्याला म्हणायचे शेपूट. शेपूट आलं की कोपऱ्यावरचा माणूस सुटला. त्याआधी आभाळ कोसळलं तरी कोपरा सोडायचा नाही.

ही रीत याच दोन भावांनी घातलेली, तरुणपणी, मिशा फुटल्या न फुटल्या तेव्हा. कोपऱ्याचा नियम धाकट्याचा. शेपटाचा नियम थोरल्याचा. पुढे दोघांचं बोलणं बंद झालं, एकमेकांच्या घरी जाणं बंद झालं, पोरांच्या लग्नांत एक जेवायला बसला की दुसरा उठायचा. पण रविवारची फेरी दोघांपैकी एकानेही सोडली नाही. सुंभ जळेल पण पीळ जाईल तर शपथ! एक पुढे राहायचा, एक मागे. मधे पंधरावीस सायकली असल्या की भावाचं तोंड बघावं लागत नाही.

आज मात्र धाकट्याला ते तोंड बघायचं होतं. आणि बघतोय हे कळू द्यायचं नव्हतं.

काल संध्याकाळी तो दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना फोन वाजला होता.

"भाऊजी, मी बोलतेय."

आवाज ओळखायला वेळ लागला नाही, विश्वास बसायला लागला. वहिनी.

"मंगळवारी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी जिना चढायचीसुद्धा बंदी केलीय. आणि हे म्हणतात, उद्याची फेरी झाल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही."

"मग अडवा त्याला."

"तुमच्या भावाला? भाऊजी, तुम्ही कुठल्या घरात वाढलात हो?"

गिऱ्हाईक नाकावर अर्धी फ्रेम घेऊन ताटकळत बसलं होतं.

"नुसतं लक्ष ठेवा," वहिनी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "पण मी सांगितलंय हे कळता कामा नये. नाहीतर भर रस्त्यात सायकल टाकून उलटे चालत निघतील. मला दुसरं कोणी सांगण्यासारखं नाही."

"ठेवतो," तो म्हणाला. मग उगाच पुन्हा म्हणाला, "ठेवतो, वहिनी."

रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता आणि पहाटे त्याला युक्ती सुचली. पुढे राहायचं, पण कप्तानच्या अगदी मागे. म्हणजे प्रत्येक वळणावर कोपरा आपल्याच वाट्याला येणार, आणि कोपऱ्यावर उभ्या माणसासमोरून शेपटाला जावंच लागतं. दादाचा चेहरा दर वळणाला फुकटात बघायला मिळणार. युक्ती झकास होती. फक्त दादा गेला की पुन्हा सगळ्यांना मागे टाकत पुढे पोहोचायचं होतं, आणि चष्मेवाल्याचे गुडघे काही कालपरवाचे नव्हते.

दुसऱ्या वळणावर फुलवालीने त्याला पकडलंच.

"काय हो चष्मेवाले, आज सगळ्या कोपऱ्यांचा ठेका घेतलात वाटतं?"

"लोकांना नीट दिसावं यातच जन्म गेला माझा," तो धापा टाकत म्हणाला. "सवय जात नाही."

ती खिदळत गेली. त्याला हसता आलं नाही. कारण या खेपेला दादा आला तो तोंड उघडं ठेवून. कपाळावर घाम होता, आणि या गार वाऱ्यात घाम येण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या वळणावर दादाचा एक हात हँडलवर होता आणि दुसरा छातीवरच्या खिशात काहीतरी चाचपत होता. गोळी असावी. रुमालही असेल. 'दादा, थांब' हे दोन शब्द घशापर्यंत आले, पण इतकी वर्षं ज्या रस्त्यावर वर्दळ नाही तिथे गवत उगवणारच. दादा निघूनसुद्धा गेला.

भांडण तरी कशावरून? आईवरून. आई गेली तेव्हा धाकटा परगावी होता. त्याने निघताना फोन केला होता, "दादा, मी येतोय. थांबा." दादा म्हणाला होता, "बघतो." दादा बसचा ड्रायव्हर. उभ्या आयुष्यात त्याने कुणासाठी गाडी थांबवली नाही. वेळ झाली की दार बंद, मागून धावत येणारा मंत्री असो की मेहुणा. धाकटा घरी पोहोचला तेव्हा आईची खोली रिकामी होती, गादीवरची चादर घडी करून ठेवलेली होती आणि दादा चहाचे कप विसळत होता. सगळं उरकलं होतं. "लोकांना वेळ दिली होती," दादा म्हणाला होता. तेव्हा धाकट्याने भरल्या घरात, सोयऱ्याधायऱ्यांसमोर सुनावलं होतं, "आईलासुद्धा टायमावर नेलीस ना? शाबास! ड्युटी झाली तुझी."

दादाने उरलेले कप विसळले, उपडे घातले. त्या दिवसापासून दोघांच्या तोंडाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे आहे यावर दोघांचं एकमत नव्हतं.

चौथं वळण लगेचच आलं. धाकटा अजून घोळक्याच्या मधेच धापा टाकत होता, त्यामुळे कोपरा गेला नवरदेवाच्या वाट्याला. कप्तानने त्याला उतरवलं, त्याची बायको पुढे निघून गेली, आणि बिचारा मान लांब करून तिच्या ओढणीकडे बघत उभा राहिला.

"शेपूट येईपर्यंत हलायचं नाही बरं का," धाकट्याने जाता जाता बजावलं.

"हो काका, माहितीय," नवरदेव म्हणाला. डोळे ओढणीवरच होते.

पुढे लांबलचक उताराचा रस्ता होता. त्याच्या टोकाला पाचवं वळण, सिग्नलपाशी, पडद्यांच्या दुकानासमोर. तिथपर्यंत धाकट्याने जिवाच्या आकांताने पॅडल मारले आणि कप्तानच्या मागे जागा पटकावली. कोपरा त्याला मिळाला. डोक्यावर चांगलं चढतं ऊन होतं. त्याने हात लांब केला. मंडळी एकामागून एक वळत गेली. फुलवाली, बाई, नवरी. आणि थोड्या वेळाने घंटी वाजवत, घाईघाईने, नवरदेव.

नवरदेव आला म्हणजे कोपऱ्यावरून सुटला. सुटला म्हणजे शेपूट त्याच्या पाठोपाठच असणार. धाकट्याने चष्मा पुसला आणि चढावाकडे बघितलं.

कोणी आलं नाही.

सिग्नल लाल झाला, हिरवा झाला. दोन गाड्या गेल्या. एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडून गेली. पुन्हा लाल. दादा सावकाश येत असेल. चेन उतरली असेल. दादा चेन स्वतः बसवतो, कुणाला हात लावू देत नाही, वेळ लागायचाच. पुन्हा हिरवा.

चढावाच्या वरच्या टोकाला त्याला फक्त पांढुरकं, दुधात पाणी घातल्यासारखं दिसत होतं. स्वतःच्या चष्म्याचा नंबर वाढलाय हे त्याला वर्षभर ठाऊक होतं. बायको रोज ओरडायची. सगळ्या गावाचे डोळे तपासणारा माणूस, स्वतःच्या काचा बदलायला सवड नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याने डोळे बारीक केले. वर, रस्त्याच्या कडेला, माणसांचा एक पुंजका उभा होता. एका जागी. कुणीतरी पडलं की भोवती जमतात तसा.

खिसे चाचपत त्याने मोबाईल बाहेर काढला.

त्याने कप्तानला फोन लावला. वाजत राहिला. सायकलवर असताना त्या कशाला उचलतील? दादाचा नंबर फोनमधून त्याने केव्हाच खोडून टाकला होता, पण डोक्यातून खोडता आला नव्हता. बोटांनी आपोआप दाबला. बंद. दादा ड्युटीवर फोन बंद ठेवायचा, आणि निवृत्त झाला तरी सायकलवर बसला की त्याच्या लेखी ड्युटीच. उरली वहिनी. तिला काय विचारणार होता? तुमचा नवरा दिसत नाही, ज्याने लक्ष ठेवायचं होतं तो मी इथे खांबासारखा उभा आहे?

कोपरा सोडायचा नाही. त्याचाच नियम. आपण वर गेलो आणि दादा मधल्या एखाद्या गल्लीतून इथे येऊन पोहोचला तर? तो इथे एकटा, रस्ता दाखवायला कोणी नाही. धाकट्याने सायकल वळवली. परत सरळ केली. पुन्हा वळवली. वरचा पुंजका हलत नव्हता.

"मर मेल्या, नियमच धरून बस!" तो मोठ्याने स्वतःला म्हणाला. सिग्नलला थांबलेल्या गाडीवाल्याने दचकून काच वर घेतली.

मग त्याने अंगातलं पिवळंजर्द जाकीट काढलं, सिग्नलच्या खांबाला बाह्यांनी गाठ मारून बांधलं, म्हणजे दादा आलाच तर कळेल, आणि चढावाला लागला.

गुडघे कुरकुरले, श्वास पुरेना. अर्ध्यातच सायकल हातात धरून तो धावायला लागला. आई गेली त्या दिवशी स्टेशनपासून घरापर्यंत तो असाच धावला होता. आता पुन्हा तसंच होणार, आपण पोहोचणार आणि सगळं उरकलेलं असणार, असं त्याला वाटलं. पुंजका जवळ आला. माणसं दिसायला लागली. ती पावाच्या दुकानाबाहेरची रांग होती. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर पोर. कुणी पडलेलं नव्हतं.

पण रांगेच्या पलीकडे, कोपऱ्यावरच्या बसस्टॉपला टेकवलेली सायकल त्याने ओळखली. आत, छपराच्या सावलीत बाकड्यावर दादा बसला होता. मान खाली. लाल फडकं खांद्यावरून पुढे आलेलं.

"दादा!"

सायकल हातातून सुटली आणि फुटपाथवर आपटली. दादाने मान वर केली.

"आलास?" तो म्हणाला. जणू धाकट्याला पाव आणायला पाठवलं होतं.

"काय होतंय? दुखतंय का? श्वास? हात बघू इकडे."

"काही होत नाही. सोड हात. कोपरा रिकामा होता." दादाने हनुवटीने रस्ता दाखवला. "इथे माणूस हवा होता, नव्हता. कोपरा रिकामा दिसला तर शेपटाने हलायचं नाही. कुणी परत येईपर्यंत थांबायचं. नियम आहे."

"तो नवरदेव! सांगून गेलो होतो मी त्याला! बायकोच्या मागे पळाला गाढव."

"पळेना का. नवं लग्न आहे." दादाने फडकं नीट केलं. "तू कोपरा सोडलास ते सांग. शेपूट आलेलं नसताना."

"खड्ड्यात गेला कोपरा! मला वाटलं, मला वाटलं तू..." आवाज फुटला. पावाच्या रांगेतल्या माना वळल्या. त्याने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, डोळेही त्याच सदऱ्याने पुसले आणि धपकन दादाच्या शेजारी बसला.

सावलीतून उताराचा अख्खा रस्ता उन्हात पसरलेला दिसत होता. तळाशी, सिग्नलच्या खांबावर, एक पिवळाजर्द ठिपका होता. धाकट्याच्या त्या जुनाट काचांमधूनही लख्ख दिसत होता.

तो जाकिटाकडे बघत राहिला. मग दादाकडे. ड्रायव्हरचे डोळे, तीस वर्षं गाडी हाकली, कधी चष्मा लागला नाही.

"दादा, मी इथून दिसत होतो तुला."

दादाने फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी हात लांब करून उभा होतो. दिसत होतो ना? आणि हा तर तुझा रूट. हा तुझाच स्टॉप. इथल्या वळणासाठी तुला कोपऱ्यावर माणूस लागतो?"

"नाही लागत."

"मग खाली आला का नाहीस?"

तेवढ्यात बस आली. दार फस्सकन उघडलं. ड्रायव्हर पोरसवदा होता, त्याने दोघा म्हाताऱ्यांकडे प्रश्नार्थक बघितलं. दादाने नको म्हणून हात हलवला. दार बंद झालं, बस गेली. दादा ती वळेपर्यंत तिच्याकडे बघत होता.

"त्या दिवशी थांबलो नाही," तो म्हणाला. "थांबायला हवं होतं. लोक बसले असते तासभर. काय बिघडलं असतं?" त्याने हात चोळले. "मंगळवारी मला टेबलावर घेणार आहेत. म्हटलं, त्याच्या आत एकदा थांबून बघू. येतोस का."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"आलास की."

धाकट्याला बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, शिव्यांसकट. त्याने नुसता दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. सदरा घामाने ओला होता. खाली छाती वरखाली होत होती, सावकाश, एकसारखी.

"तुझ्या वहिनीने फोन केला होता ना तुला?" दादाने विचारलं.

"कोणी? छे! मला कुणाचा फोन नाही."

"खोटं बोललास की कान लाल होतात तुझे. अजून."

धाकट्याने कानाला हात लावला, आणि लावला म्हणून स्वतःवरच चिडला. "मंगळवारी किती वाजता आहे?"

"सकाळी लवकर. तू येऊ नकोस. दुकान असतं तुझं."

"वेळ विचारली. सल्ला नाही विचारला."

दादाने वेळ सांगितली. धाकटा उठला, त्याने दादाच्या पाठीवरच्या लाल फडक्याची गाठ सोडायला घेतली. दादाने खांदा आखडला.

"शेपूट मी आहे."

"आज पुरे. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नसतं, आणि आज मी तुझ्या मागे राहणार आहे. नियमात बसवायचं तर फडकं मला दे. आणि उतार आहे, पॅडल मारू नकोस. नुसता बस."

"मला शिकवतोस?"

"हो."

दादा पुटपुटला, पण गाठ सोडू दिली. धाकट्याने फडकं स्वतःच्या पाठीला बांधलं, पडलेली सायकल उचलली, वाकलेलं हँडल सरळ केलं. दादा पुढे झाला. उतारावर त्याची सायकल आपसूक निघाली, पाय स्थिर, पाठ ताठ, दोन्ही हात ब्रेकवर. धाकटा थोडं अंतर ठेवून मागे. पाकळ्या पडत होत्या, त्यातल्या दोनचार दादाच्या टकलावर चिकटल्या होत्या. इतक्या जवळून ते टक्कल त्याने पाहिलंच नव्हतं. शेवटचं जवळून पाहिलं तेव्हा तिथे केस होते.

सिग्नल हिरवा होता. दादाला न थांबता वळता आलं असतं. पण त्याने ब्रेक दाबला आणि पिवळ्या जाकिटाखाली एक पाय फुटपाथवर टेकला.

"काय झालं?" धाकट्याने घाबरून मागून ओरडून विचारलं.

दादा वळून बघत नव्हता. खांबावरच्या बाह्यांची गाठ सोडत होता.

"काही नाही," तो म्हणाला. "तू ये."